मोडाफिनिल

नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा दीर्घकालीन तंत्रिका विकार) या रोगात रुग्णास दिवसा जागे राहता यावे म्हणून देण्यात येणारे, मध्यवर्ती तंत्रिका तंत्रावर (मज्जासंस्थेवर) क्रिया करणारे जागृतिकारक औषध. ते वैद्याच्या चिठ्ठीवरच घ्यावयाचे असून पोटात घेण्याच्या १०० मिग्रॅ. व २०० मिग्रॅ. च्या गोळ्यांच्या रूपात मिळते. हे औषध रोग समूळ बरा करीत नाही. ते घेतलेल्या दिवसापुरती झोपेची अनावर ओढ कमी करते. त्यामुळे उपचार बहुधा अनेक वर्षे चालू ठेवावे लागतात आणि म्हणूनच औषधाचे गुण, मर्यादा व धोके यांची माहिती रुग्णास आणि त्याच्या कुटुंबीयांस असणे आवश्यक ठरते.

विकाराचे स्वरूप : रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसा वारंवार झोप येणे, हे नार्कोलेप्सीचे प्रमुख लक्षण होय. जेवताना, बोलताना, वर्गात बसले असताना किंवा वाहन चालवीत असतानाही रुग्णास झोपेचा झटका येऊ शकतो. काही मिनिटांच्या झोपेनंतर त्यास ताजेतवाने वाटते. परंतु दोनतीन तासांत पुन्हा तीच अवस्था येते. अनेक रुग्णांत याच्या जोडीला कॅटाप्लेक्सी (हसू, राग, आश्चर्य यांसारख्या भावनावेगाने शुद्ध न हरपता एकाएकी स्नायू ढिले पडणे), झोप लागताना वा जाग येताना होणारे भास, त्याच वेळी काही क्षण शरीर हलविता न येणे आणि रात्रीची तुटक झोप ही लक्षणेही आढळतात. विकाराची सुरुवात बहुधा किशोरावस्थेत किंवा तरुणपणी होते. शिक्षणाच्या व उमेदवारीच्या नेमक्या या वयात रुग्णास आळशी, निष्काळजी किंवा व्यसनी ठरविले जाते आणि निदान होण्यास पुष्कळदा अनेक वर्षे लागतात.

कॅटाप्लेक्सीसह आढळणाऱ्या प्रकारात मेंदूच्या हायपोथॅलॅमस (अधोथॅलॅमस) या भागातील, ओरेक्सिन किंवा हायपोक्रेटिन हे पेप्टाइड तयार करणाऱ्या कोशिका (पेशी) नष्ट झालेल्या असतात. ओरेक्सिनाचा शोध १९९८ मध्ये दोन निरनिराळ्या संशोधक गटांनी लावला आणि २००० च्या सुमारास मानवी रुग्णांत त्याचा अभाव असल्याचे सिद्ध झाले. जागृती टिकवून धरणाऱ्या तंत्रिका केंद्रांना ओरेक्सिनामुळे सतत चेतना मिळत असते. ती न मिळाल्याने जागृती व निद्रा यांमधील सीमारेषा डळमळीत होते. शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेनेच या कोशिकांवर हल्ला केल्यामुळे त्या नष्ट होत असाव्यात, असे मानण्यास सबळ पुरावा आहे. [⟶ निद्रा]

इतिहास : या विकाराचे वर्णन जर्मन वैद्य कार्ल व्हेस्टफाल (१८३३–९०) यांनी १८७७ मध्ये केले व फ्रेंच वैद्य झां बातीस्त एदुआर झेलिनो (१८२८–१९०६) यांनी १८८० मध्ये त्यास ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात प्रथम एफेड्रीन व नंतर, १९३५ मध्ये, अँफेटामीन या औषधांचा वापर सुरू झाला. १९५६ मध्ये मेथिलफेनिडेटाचा उपयोग वर्णिला गेला. ही औषधे गुणकारी असली, तरी हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढणे, चिडचिड, भूक मंदावणे आणि मुख्यत्वे व्यसन जडण्याची शक्यता या त्यांच्या मर्यादा होत्या.

फ्रान्समधील लाफाँ या औषध प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात अ‍ॅड्राफिनिल हे जागृतिकारक संयुग तयार करण्यात आले. यकृतात त्याचे रूपांतर होऊन जे क्रियाशील संयुग बनते, ते मोडाफिनिल होय. निद्राविज्ञानातील अग्रणी संशोधक मीशेल झूव्हे (१९२५–२०१७) यांनी लीआँ येथे नार्कोलेप्सीच्या रुग्णांत त्याचा प्रायोगिक वापर केला. फ्रान्समध्ये मान्यता मिळाल्यानंतर डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नार्कोलेप्सीसाठी त्यास मंजुरी दिली. २००४ मध्ये तेथे पाळीच्या (शिफ्टच्या) कामामुळे उद्भवणारा निद्राविकार आणि झोपेत श्वसनमार्गात अडथळा येण्याच्या विकारात उपचारानंतरही उरणारी दिवसाची झोप, या दोन अवस्थांची त्यात भर पडली. याउलट युरोपीय औषध संस्थेने २०१० मध्ये लाभ व हानी यांचा फेरविचार करून त्याचा उपयोग नार्कोलेप्सीपुरताच मर्यादित करण्याची शिफारस केली. एकाच औषधाविषयी दोन ठिकाणी असे भिन्न निर्णय झाले, यावरून ज्या रुग्णास लाभ मोठा त्यालाच धोका पत्करणे योग्य, हे औषधविज्ञानातील तत्त्व स्पष्ट होते.

औषधिक्रिया : मोडाफिनिल हे पांढरे स्फटिकी चूर्ण असून पाण्यात जवळजवळ अविद्राव्य (न विरघळणारे) आहे. त्याचा रेणुभार सु. २७३ आहे. तंत्रिका कोशिकांच्या जोडणीस्थानी बाहेर पडलेले डोपामीन परत कोशिकेत नेणाऱ्या वाहक प्रथिनाला ते अडवते व त्यामुळे डोपामिनाची क्रिया अधिक काळ टिकते. त्याची ही क्रिया अँफेटामिनाहून सौम्य व भिन्न प्रकारची असल्याने उत्तेजित वाटणे, औषधाचा अंमल उतरल्यावर एकाएकी गळून जाणे इ. परिणाम कमी प्रमाणात दिसतात. तथापि व्यसनाची शक्यता कमी याचा अर्थ ती मुळीच नाही, असा नव्हे. कॅटाप्लेक्सीवर या औषधाचा उल्लेखनीय परिणाम होत नाही. ती तीव्र असल्यास स्वतंत्र औषध द्यावे लागते.

गोळी घेतल्यानंतर २ ते ४ तासांत रक्तातील औषधाचे प्रमाण कमाल होते. जेवणाबरोबर घेतल्यास शोषण सु. एक तास लांबते. पण एकूण शोषण तेवढेच होते. औषधाचा अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सु. १५ तास आहे. म्हणजे सकाळी ७ वाजता घेतलेल्या गोळीचा बराच अंश रात्री १० वाजताही रक्तात असतो. दुपारनंतर गोळी घेऊ नये, या नियमाचे कारण हेच आहे. औषधाचे विघटन मुख्यत्वे यकृतात होते आणि १० टक्क्यांहूनही कमी भाग मूळ रूपात मूत्रावाटे बाहेर पडतो. म्हणून तीव्र यकृतविकारात मात्रा निम्मी करतात. वृद्धांतही कमी मात्रेने प्रारंभ करणे इष्ट असते.

उपचारापूर्वीची तपासणी : दिवसा झोप येणे हे लक्षण अनेक कारणांनी उद्भवते. रात्रीचे अपुरे तास, घोरण्यासह झोपेत श्वास अडखळणे, अवटू ग्रंथीची मंदता, पांडुरोग (रक्तक्षय), अवसाद (नैराश्य), मद्यपान, तसेच सर्दी, अपस्मार किंवा मनोविकार यांवरील औषधे ही त्यांपैकी नेहमीची कारणे होत. यांपैकी एखादे कारण असताना केवळ जाग आणणारी गोळी घेतल्यास मूळ रोग झाकला जातो. म्हणून निदानासाठी रुग्णाकडून एकदोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवून घेतात, निद्रा प्रयोगशाळेत रात्रभर निद्रालेखन करतात आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकीची संधी देऊन झोप किती मिनिटांत लागते, हे मोजतात. झोप सरासरी ८ मिनिटांत किंवा त्याहून लवकर लागणे आणि निदान दोन वेळा स्वप्नावस्थेची झोप अवेळी लगेच सुरू होणे, हे नार्कोलेप्सीचे निदर्शक मानतात.

औषध सुरू करण्यापूर्वी रक्तदाब व नाडी मोजणे आणि हृद्‌विद्युत् आलेख काढणे आवश्यक असते. अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयातील अनियमित ठोके असल्यास हे औषध देत नाहीत. डाव्या जवनिकेची अतिवृद्धी असलेल्यांत, तसेच पूर्वी उत्तेजक औषधांनी छातीत दुखणे वा ठोके अनियमित होणे यांसारखा त्रास झालेल्या द्विदली झडपेच्या रुग्णांत ते टाळतात. रुग्णास किंवा त्याच्या निकटच्या नातलगांस चित्तविकृती, उन्माद वा आत्महत्येचे विचार झाले असल्यास, तसेच मद्याचे किंवा अन्य पदार्थांचे व्यसन असल्यास, ते वैद्यास मोकळेपणाने सांगणे रुग्णाच्याच हिताचे असते.

मात्रा व सेवन : प्रौढांत नार्कोलेप्सीसाठी नेहमीची मात्रा दररोज २०० मिग्रॅ. असून ती सकाळी एकदाच घेतात. काही रुग्णांत ती सकाळ व मध्यान्ह अशी विभागून देतात. १०० मिग्रॅ. पासून प्रारंभ करून प्रतिसाद पाहणे अनेक वैद्य पसंत करतात. ४०० मिग्रॅ. पर्यंतची मात्रा पुष्कळांस सोसते. परंतु २०० मिग्रॅ. हून तिचा लाभ निश्चितपणे अधिक असल्याचे आढळलेले नाही. म्हणून गुण कमी वाटल्यास रुग्णाने स्वतःच्या मताने मात्रा वाढवू नये. एखाद्या दिवशी गोळी घ्यावयाची राहिल्यास व दुपार उलटल्यावर ते लक्षात आल्यास त्या दिवशीची गोळी सोडून द्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्रा घेऊ नये. चहा व कॉफी यांतील कॅफिनामुळे छातीतील धडधड व अस्वस्थता वाढते, म्हणून त्यांचे प्रमाण मर्यादित ठेवावे. मद्य वर्ज्य करावे. १८ वर्षांखालील रुग्णांत या औषधास सर्वसाधारण मान्यता नाही; त्याचे मुख्य कारण पुढे दिले आहे.

अनिष्ट परिणाम : डोकेदुखी हा सर्वांत जास्त आढळणारा परिणाम होय. त्याखेरीज मळमळ, भूक मंदावणे, तोंडास कोरड पडणे, अस्वस्थता, चक्कर, अतिसार आणि रात्री झोप न लागणे हे परिणाम होतात. ते बहुधा सौम्य असून पहिल्या काही आठवड्यांत कमी होतात. पुरेसे पाणी पिणे, हळूहळू मात्रा वाढविणे व गोळी लवकर घेणे यांनी त्यांचे प्रमाण घटते.

क्वचित आढळणारा, परंतु सर्वांत भयावह परिणाम म्हणजे त्वचेवरील गंभीर पुरळ. स्टीव्हन्स-जॉन्सन लक्षणसमूह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात ताप येतो, तोंडात व डोळ्यांत व्रण होतात, अंगावर फोड येऊन त्वचा सोलवटते व जीव धोक्यात येतो. मुलांवरील चिकित्सा परीक्षणांत १,५८५ पैकी १३ मुलांना पुरळामुळे औषध बंद करावे लागले व त्यांपैकी काहींत ते गंभीर स्वरूपाचे होते. मुलांसाठी या औषधास मान्यता न मिळण्याचे हे मुख्य कारण आहे. हे पुरळ बहुधा उपचाराच्या पहिल्या ते पाचव्या आठवड्यात उद्‌भवते. प्रत्येक पुरळ गंभीर असतेच असे नाही. परंतु कोणते गंभीर होईल हे आरंभी ओळखता येत नाही. म्हणून अंगावर पुरळ, तोंडात व्रण, चेहरा वा घसा सुजणे, श्वास घेण्यास त्रास यांपैकी काहीही दिसल्यास पुढची गोळी न घेता त्वरित वैद्यास दाखवावे आणि औषध पुन्हा कधीही स्वतःहून सुरू करू नये.

औषधामुळे क्वचित चिंताग्रस्तता, आक्रमकता, भ्रम, उन्माद किंवा आत्महत्येचे विचार उद्‌भवतात. असे बदल रुग्णापेक्षा घरच्या माणसांच्या आधी ध्यानात येतात. म्हणून त्यांना याची पूर्वकल्पना असावी. छातीत दुखणे किंवा ठोके अनियमित होणे ही लक्षणेही औषध थांबवून तातडीने तपासणी करण्याजोगी होत.

इतर औषधांशी परस्परक्रिया : मोडाफिनिल यकृतातील काही एंझाइमांची (जीवरासायनिक विक्रियांना मदत करणाऱ्या प्रथिनांची) क्रिया वाढविते, तर काहींची रोखते. त्यामुळे सायक्लोस्पोरिनासारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते. उलट फेनिटॉइन, डायाझेपाम, प्रोप्रॅनोलॉल इ. औषधांचे प्रमाण वाढू शकते. रक्त साखळू नये म्हणून वॉरफेरीन घेणाऱ्यांनी रक्ताची तपासणी अधिक वेळा करून घ्यावी. हृद्‌रोगात दिले जाणारे क्लोपिडोग्रेल यकृतात रूपांतरित झाल्यावरच क्रियाशील होते व मोडाफिनिलामुळे ते रूपांतर मंदावू शकते. क्षयरोगावरील रिफँपिसीन तसेच अपस्मारावरील कार्बामॅझेपीन व फेनोबार्बिटोन ही औषधे मोडाफिनिलाचेच विघटन वेगाने घडवून त्याचा गुण कमी करतात. यास्तव कोणतेही नवे औषध लिहून देणाऱ्या वैद्यास रुग्णाने हे औषध चालू असल्याचे प्रत्येक वेळी सांगावे.

स्त्रियांनी घ्यावयाची विशेष काळजी : वरील एंझाइम क्रियेचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम हॉर्मोनयुक्त गर्भनिरोधकांवर होतो. गर्भनिरोधक गोळ्यांतील हॉर्मोनांचे विघटन लवकर झाल्याने त्या नियमितपणे घेऊनही गर्भधारणा होऊ शकते. त्वचेखाली बसविण्याची साधने व तातडीची गर्भनिरोधक गोळी यांच्या बाबतीतही हा धोका असतो. मोडाफिनिल चालू असताना व ते बंद केल्यावर निदान एक महिना, आणि युरोपातील सूचनांनुसार दोन महिने, तांबी किंवा निरोध यांसारख्या हॉर्मोनविरहित साधनाचा अवलंब करावा. या सूचनेचे गांभीर्य दुहेरी आहे. कारण गर्भारपणात हे औषध घेतलेल्या स्त्रियांच्या अपत्यांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक असल्याचे नोंदींवरून दिसून आल्याने २०१९ मध्ये अनेक देशांच्या नियामकांनी गर्भवतींनी ते घेऊ नये, असा इशारा दिला. एकच औषध गर्भधारणेची शक्यता वाढविते आणि त्याच गर्भाला अपायकारकही ठरू शकते. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच वैद्याशी विचारविनिमय करून उपचार बदलून घ्यावेत. अंगावर पाजणाऱ्या मातांनीही हे औषध टाळणे इष्ट.

झोप व दैनंदिन व्यवहार : मोडाफिनिल झोपेची जागा घेऊ शकत नाही. रात्री ठराविक वेळी झोपणे व उठणे आणि दिवसातून एकदोनदा नेमलेल्या वेळी १५ ते २० मिनिटांची झोप घेणे, हा नार्कोलेप्सीच्या उपचारांचा पाया असून औषधाचे स्थान त्यानंतरचे आहे. शाळेत किंवा कार्यालयात अशा अल्प निद्रेची सोय झाल्यास पुष्कळ रुग्णांना कमी मात्रा पुरते. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारात रात्री वापरावयाचे हवेच्या दाबाचे यंत्र, दिवसा तरतरी वाटू लागली म्हणून बंद करणे धोक्याचे आहे. तसे केल्यास झोप दूर राहिली, तरी हृदय व मेंदू यांची हानी चालूच राहते.

औषध चालू असूनही अनेक रुग्णांची जागृती पूर्णपणे सामान्य पातळीवर येत नाही. म्हणून औषधाचा परिणाम निश्चित होईपर्यंत वाहन चालविणे, उंचावर चढणे, यंत्रावर किंवा विस्तवाशी एकट्याने काम करणे व खोल पाण्यात पोहणे टाळावे. आपण पूर्ण जागे आहोत, ही रुग्णाची स्वतःची भावना या बाबतीत पुरेसा पुरावा नव्हे. पाळीच्या कामासाठी वैद्याने हे औषध लिहून दिले असल्यास ते काम सुरू होण्यापूर्वी सु. एक तास घेतात. काम संपवून घरी परतताना झोपेचा धोका उरतोच.

दुरुपयोग व नियंत्रण : निरोगी व्यक्तींनी परीक्षेच्या अभ्यासासाठी किंवा कामाच्या घाईत रात्री जागण्याकरिता मोडाफिनिल घेण्याचे प्रकार अनेक देशांत आढळतात. थकलेल्या मेंदूला ते जागे ठेवते. मात्र झोपेत होणारे स्मृतीचे दृढीकरण जागरणाने बुडते, ते या गोळीने भरून निघत नाही. शिवाय अशा व्यक्तींची पूर्वतपासणी झालेली नसल्याने पुरळ, रक्तदाब व मनोविकार यांचे धोके त्यांना नकळत पत्करावे लागतात. अमेरिकेत हे औषध नियंत्रित पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीत आहे. खेळाडूंना ते स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. २००३ मध्ये पॅरिस येथील जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत अमेरिकेच्या एका महिला धावपटूच्या नमुन्यात ते सापडले व पुढे तिची १०० मी. व २०० मी. शर्यतींतील सुवर्णपदके रद्द झाली. खरोखर नार्कोलेप्सी असलेल्या खेळाडूस वैद्यकीय पुराव्यानिशी पूर्वपरवानगी मागता येते.

अतिमात्रा घेतल्यास निद्रानाश, क्षोभ, गोंधळलेपणा, मळमळ, नाडीचा वेग व रक्तदाब वाढणे ही लक्षणे होतात. त्यावर विशिष्ट उतारा नाही. रुग्णास रुग्णालयात ठेवून हृदयावर लक्ष ठेवतात व लक्षणांनुसार उपचार करतात. जाताना गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात आणि समान लक्षणे असली, तरी दुसऱ्या कोणासही देऊ नयेत.

इतर औषधे : मोडाफिनिलाचाच एक प्रकाशीय समघटक असलेले आर्मोडाफिनिल अमेरिकेत २००७ मध्ये मान्य झाले, त्याची मात्रा कमी लागते, परंतु सर्व सावधगिरी तीच असते. रात्री घ्यावयाचे सोडियम ऑक्सिबेट (२००२) कॅटाप्लेक्सीवरही गुणकारी आहे; तथापि मद्य किंवा झोपेच्या अन्य औषधांबरोबर घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. हिस्टामिनाच्या मार्गाने क्रिया करणारे पिटोलिसंट युरोपात २०१६ पासून, तर सोल्रिॲम्फेटॉल अमेरिकेत २०१९ पासून उपलब्ध झाले. मूळ दोष ओरेक्सिनाच्या अभावाचा असल्याने त्याच्या ग्राहींना थेट चेतविणारी औषधे विकसित करण्याकडे अलीकडच्या संशोधनाचा रोख आहे.

दीर्घकाल उपचार घेणाऱ्या रुग्णाने ठराविक कालावधीने रक्तदाब, नाडी, वजन, मनःस्थिती व रात्रीची झोप यांची तपासणी करून घ्यावी आणि औषधाची गरज व मात्रा यांचा वैद्याबरोबर पुनर्विचार करावा. गुण येत आहे म्हणून तपासणी सोडणे व गुण येत नाही म्हणून मात्रा वाढविणे, या दोन्ही गोष्टी टाळल्यास बहुसंख्य रुग्ण या औषधाच्या साहाय्याने शिक्षण, व्यवसाय व संसार समाधानकारकपणे पार पाडू शकतात.